फिरायला गेल्यावर हॉटेलचं जेवण खारट निघालं तर काय करता? (बाबांना मीठ वर्ज्य आहे)

घाटपायथा
शुक्रवार, रात्री १०:५०

तारकर्लीतल्या खोलीतून लिहितोय. बाबा झोपलेत, पायाखाली दोन उश्या देऊन.

बुधवारी आम्ही चौघं पुण्याहून इथे आलो. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत. वीस वर्षांपासून बीपी आहेच, मागच्या वर्षी हृदयाचं पंपिंग कमी झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी दिवसभरात मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. लोणचं, पापड, बिस्किटं, पाव सगळं त्यातच धरायचं. घरी हे जमतं. आई होती तोवर ती आमटीत मीठ घालायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढायची. ती गेल्यावर बायकोनेही तीच पद्धत ठेवली.

इथे मात्र तीन दिवसांत सगळं बिघडलं. पहिल्या दुपारी मालवणात सुरमईची थाळी घेतली. तुकडा खारट, कढी खारट, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं तर तोंडात घालवेना. मुलीने जेवताना तीन पेले पाणी प्यायलं. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, “इकडची चवच अशी असते साहेब.” काल जागा बदलली, तीच गत. आज सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो. चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. बाबा साखरबावीच्या काठावर किती तरी वेळ उभे होते. त्यांना इतकं खुशीत बघून दोन वर्षं झाली असतील.

संध्याकाळी बूट काढताना पाहिलं तर घोट्याला मोज्याची खोल रेघ. बोटाने दाबलं तर खळगा पडला, भरून यायला वेळ लागला. सोबत आणलेल्या मशीनवर बीपी १५२/८८, घरी १३०च्या आसपास असतं. आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, काय पाहायचं ते सांगितलं आणि मीठ आजपासून आवळायला सांगितलं.

मग मी बाबांना विचारलं, इतकं खारट होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, “एवढ्या लांब हौसेने आणलंस, खाण्यावरून कटकट कशाला करायची?”

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. अजून दोन दिवस इथे आहोत. त्यांना खोलीत बसवून बिस्किटं-केळी खायला घालायची नाहीत. मासे खायला आलोत, त्यांनी मासे खाल्लेच पाहिजेत. तुमच्या घरात असं माणूस असेल तर बाहेरगावी तुम्ही हे कसं सांभाळता?

---

नाडी
शुक्रवार, रात्री ११:१५

मी डॉक्टर आहे, म्हणून आधी तेवढंच लिहिते. बाबांना चालताना किंवा आडवं झाल्यावर दम लागतोय का? रात्री एक उशी पुरायची, तिथे आता दोन-तीन लागतात का? कोरडा खोकला? यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. कुठे वजनकाटा मिळाला तर रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी आहे असं समजून डॉक्टरांना लगेच कळवा.

लघवीची गोळी चालू असेल तर तुमच्या मनाने जास्तीची देऊ नका. आणि उद्यापासून मीठ पार बंद, असंही करू नका. या वयात गोळ्या चालू असताना मीठ एकदम तोडलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. घरी जेवढं असतं तेवढ्यावर आणायचं.

---

घाटपायथा
शुक्रवार, रात्री ११:२२

दम नाही, खोकला नाही. पाय वर घेतल्यावर सूज थोडी उतरलीय. झोपताना एकच उशी डोक्याखाली आहे, पायाखालच्या वेगळ्या. मनापासून धन्यवाद.

---

तिरफळ
शुक्रवार, रात्री ११:४८

मी मालवणचीच. घरगुती खानावळ चालवते, चौदा वर्षं झाली. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. “इकडची चवच अशी” हे उत्तर मला पटलं नाही. आमच्या घरातली म्हातारी माणसं असलं खारट जेवत नाहीत.

तरी मीठ कुठून कुठून येतं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणजे काय टाळायचं ते ठरवता येईल. आमची सोलकढी बहुतेक ठिकाणी आगळापासून करतात. आगळ म्हणजे कोकमाच्या सालींवर मीठ घालून सुटलेला रस, मीठ असतं म्हणूनच तो वर्षभर टिकतो. आगळ घातलं की वरून मीठ लागतच नाही, पण नवीन पोरगा सवयीने चिमूट टाकतोच. तिसऱ्या, कालवं, कुर्ल्या यांच्या अंगचंच पाणी खारं असतं. शिजताना ते पाणी सुटतं आणि त्यातच सुकं होतं. त्यातही वेगळं मीठ पडलं की संपलं. सुकट, सोडे, खारा बांगडा यांचं तर सांगायलाच नको, ते मिठातच टिकवलेले. किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर, दिसली की बाबांच्या ताटातून काढून ठेवा. थाळीतला पापड आणि तळलेली सांडगी मिरचीही काढून ठेवा.

आता तळलेला तुकडा. मोठ्या खानावळीत सकाळीच मासळी साफ करतात, मीठ-हळद-मिरची-आगळ लावून ट्रेमध्ये ठेवतात. दुपारी तीन वाजता तुम्ही जेवायला बसलात तर तो तुकडा सहा तास मिठात असतो. म्हणून लवकर जा, साडेबाराच्या आत, आणि विचारा: “मसाला न लावलेला तुकडा आहे का?” फ्रीजमध्ये असतोच. त्याला फक्त हळद, तिखट आणि लिंबू लावून रव्यात घोळवून तळायला सांगा. दहा मिनिटं जास्त लागतील.

आदल्या संध्याकाळी फोन केलात तर त्याहून बरं. बाजारातून मासळी यायच्या आधी सांगितलं की आम्ही तुमचा भाग वेगळा ठेवतो. तुमी सांगल्याशिवाय आमका कसा कळतला?

---

पळीवाला
शनिवार, सकाळी ६:४०

वर तिरफळ ताईंनी ट्रेचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. मी तीस वर्षं हॉटेलच्या भट्टीवर काढली, कोल्हापूर, बेळगाव आणि नऊ वर्षं गोव्यात. आता घरी आहे. आतली बाजू सांगतो.

हॉटेलात भाजी तुमच्यासाठी पहिल्यापासून होत नाही. सकाळी कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही आणि उकडलेली डाळ तयार होते, आणि तिघांतही मीठ पडलेलं असतं. ऑर्डर आली की पळीभर ग्रेव्ही कढईत, त्यात पनीर नाहीतर चिकन, वरून मसाला. बाजारच्या तयार मसाल्यांच्या बऱ्याच पुड्यांत मीठ असतं, पाठीमागे वाचून बघा. मग आचारी शेवटी सवयीने परत चिमूट मारतो. म्हणजे एकाच ताटात तीनदा मीठ. गिऱ्हाईक ‘कमी मीठ’ म्हणतं तेव्हा आचारी फक्त शेवटची चिमूट गाळतो. आधीची दोन त्याच्या हातात राहिलेली नसतात.

दुसरं, ग्रेव्ही दिवसभर मंद आचेवर असते. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. दुपारी बारा वाजता बरोबर असलेली ग्रेव्ही रात्री दहाला खारट लागते ती यामुळे. चांगला आचारी अधूनमधून गरम पाणी घालून चव बघतो. गर्दीच्या दिवसांत, सुट्ट्यांत, चव बघायला फुरसत नसते. आणि तुम्ही फिरायला जाता ते गर्दीच्याच दिवसांत.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. जाड्या मिठाचा हात बसलेल्या माणसाला बारीक मीठ दिलं की जेवण बिघडतं. बारीक मीठ चमच्यात दाबून बसतं, म्हणून तेवढ्याच चमच्यात वजनाने जास्त मावतं. मुकादम गेला, नवीन पोरगा आला, मिठाचा ब्रँड बदलला, की आठ दिवस तक्रारी ठरलेल्या.

म्हणून ‘कमी मीठ घाला’ एवढं सांगून भागत नाही. असा पदार्थ मागायचा जो मागितल्यावर शून्यातून होतो. आम्लेट, भुर्जी, तव्यावरची मासळी, कच्च्या भाज्या परतून, अंडी उकडून. इथे ‘बिलकूल मीठ नको’ म्हणालात तर आचारी ते खरंच करू शकतो. दाल तडका, पनीर मसाला, कुर्मा, सांबार, सूप यात तो काही करू शकत नाही. ‘करतो’ म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. तुमच्या टेबलापर्यंत निरोप पोचवणारा पोरगा वाद नको म्हणून हो म्हणतो.

रोटीचंही बघा. तंदुरी रोटीच्या, नानच्या पिठात मीठ आणि सोडा दोन्ही असतात. ज्वारी-नाचणीच्या भाकरीत सहसा मीठ नसतं. भात विचारून घ्या. काही हॉटेलं भाताच्या पाण्यातच मीठ घालतात.

---

मंदआच
शनिवार, सकाळी ७:३०

रश्श्यात सोललेला बटाटा नाहीतर कणकेचा गोळा टाकून दहा मिनिटं उकळा. मीठ शोषलं जातं. सासूबाईंची युक्ती. हॉटेलात सांगितलं तर करून देतात.

---

पळीवाला
शनिवार, सकाळी ७:५५

ताई, सासूबाईंचा मान राखून सांगतो, हे मी शेकडो वेळा करून पाहिलंय. बटाटा मीठ वेगळं काढून घेत नाही. तो रस्सा पितो, जेवढा खारट रस्सा तेवढाच खारट बटाटा. मागे उरतो तो रस्सा तसाच. आपण बटाटा काढल्यावर कमी झालेल्या रश्श्यात पाणी घालतो आणि फरक पडतो तो त्या पाण्याने. खारट पातेल्याला एकच उपाय, बिनमिठाचं काहीतरी घालून ते वाढवायचं. दोन वाट्या रश्श्याला एक वाटी बिनमिठाचा नारळाचा रस घातला की प्रत्येक घासातलं मीठ एक तृतीयांशाने उतरतं. लिंबू पिळल्याने, साखर घातल्याने खारटपणा जिभेला कमी जाणवतो, पण मीठ सगळं पोटात जातंच. घाटपायथांच्या बाबांसाठी हा फरक मोठा आहे.

---

मंदआच
शनिवार, सकाळी ८:१०

हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या आईलाही बीपी आहे आणि मी गेली कित्येक वर्षं बटाटा टाकून निर्धास्त होते. आजपासून वाटी आधीच वेगळी काढेन. सांगितलंत ते फार बरं केलंत.

---

सह्यभटक्या
शनिवार, सकाळी ८:४५

थोडी दुसरी बाजू मांडतो. आम्ही दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गड चढतो. दिवसभर घाम गाळल्यावर पायथ्याच्या घरातलं खारट पिठलं अमृत वाटतं. कोकणात उकाडा, घाम भरपूर, तिथल्या कष्टाच्या माणसांची चव त्या कामातून घडलीय. शहरातून आलेल्यांनी ‘खारट, खारट’ करून स्थानिक जेवणाला नावं ठेवली की मला लागतं.

---

तिरफळ
शनिवार, सकाळी ९:०५

भावना पोचली. पण खपून राबणारा माणूस घरी पेज पितो. उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ नसतं नाहीतर नावाला असतं, सोबत एखादी फोड लोणचं. पर्यटकांच्या थाळीत खारट पदार्थ एका ताटात सहा-सात मांडतात, तसं आम्ही रोज जेवत नाही. नावं हॉटेलच्या घाईला ठेवली जातायत, मालवणी जेवणाला नव्हे.

घाटपायथा, नाश्त्याला बाबांना पेजच द्या, सोबत बिनमिठाची खोबऱ्याची चटणी. नाहीतर शेवया आणि नारळाचा गोड रस, आमच्याकडे शिरवाळे म्हणतात. साखर नाही ना त्यांना?

---

घाटपायथा
शनिवार, सकाळी ९:२०

नाही, साखर नाही. शिरवाळे आत्ताच खाऊन झाले, योगायोगाने! मावशींनी समोर बसून शेवया पाडल्या, मुलगी मदतीला. बाबांनी दोनदा रस घेतला. सकाळी बीपी १४४/८६, सूज बरीच कमी.

---

हडसनकाठ
शनिवार, सकाळी १०:३०

न्यू जर्सीतून. इथे उपाहारगृहांत सगळ्यात जास्त मीठ सूप, सँडविच आणि चायनीजमध्ये. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. पलीकडे न्यूयॉर्क शहरात एक चांगला नियम आहे. देशभरात १५ किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना २०१५च्या डिसेंबरपासून मेनूवर खूण करावी लागते. ज्या एका पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा जास्त सोडियम आहे त्याच्यापुढे त्रिकोणात मीठदाणीचं चित्र. २,३०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पावणेसहा ग्रॅमच्या आसपास मीठ, एकाच डिशमध्ये. आई-वडील इथे आले होते तेव्हा आईला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण ते चित्र तिला लगेच कळायचं. आपल्याकडे असं काही व्हावं असं मला फार वाटतं.

पाकिटावर सोडियम लिहिलेलं असेल तर अडीचने गुणा, मीठ निघतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. प्रवासात पाकीटबंद खाणं घेताना मी हा हिशोब तोंडी करतो.

---

सकुरापाशी
शनिवार, सकाळी ११:०५

ओसाकाला आठ वर्षं आहे. इथल्या सरकारी शिफारशीत मिठाची मर्यादा पुरुषांना दिवसाला ७.५ ग्रॅमच्या आत आणि बायकांना ६.५ ग्रॅमच्या आत आहे, आपल्या ५ ग्रॅमपेक्षा वर, आणि तरी लोकांना ती पाळणं जड जातं. मिसो, सोया, लोणची, सगळीकडे मीठ. रामेनच्या वाडग्यात नूडल्सपेक्षा मीठ रश्श्यात असतं, म्हणून मी नूडल्स आणि भाज्या खाऊन रस्सा ठेवून देते. कुणी वाईट मानत नाही. कित्येक दुकानांत ‘आजि उसुमे’ म्हटलं की चव सौम्य करून देतात.

मला उपयोगी पडलेली खरी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. सासरे आले होते तेव्हा मी एका कार्डावर जपानीत लिहून दिलं होतं की यांना हृदयाचा आजार आहे, मीठ आणि सोया सॉस न घालता देता येईल असं काय आहे ते कृपया सांगा. तोंडी निरोप दोन माणसांतून जाताना पातळ होतो. कार्ड थेट स्वयंपाकघरात जायचं आणि आतून आचारी बाहेर येऊन बोलायचा. वाक्य लिहिताना एक जपा. ‘मीठ कमी करा’ लिहिण्याऐवजी ‘काय देता येईल ते सांगा’ लिहा. मग तो माणूस विचार करतो.

---

नाडी
शनिवार, दुपारी १२:१०

चिठ्ठीची कल्पना फार आवडली, माझ्या रुग्णांना सांगणार आहे.

दोन गैरसमजांबद्दल लिहिते, कारण पुढे कुणीतरी सुचवेलच. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीच्या माणसाला त्यात सूट नाही. आणि ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी अधू असेल किंवा बीपीच्या, हृदयाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाकीट प्रवासात नेऊ नका. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं. कोकणात दिवसाला तीन-चार शहाळी सहज होतात, म्हणून हेही विचारून घ्या.

सह्यभटक्या, तुम्ही म्हणता ते धडधाकट, घाम गाळणाऱ्या माणसाबद्दल बरोबर आहे. हृदय अधू झालेल्या माणसाचं शरीर ते जास्तीचं मीठ आणि त्याच्यामागोमाग पाणी बाहेर टाकू शकत नाही. दोघांना एकच ताट पुढे केलं तर एकाला ते मानवतं, दुसऱ्याचे पाय सुजतात.

---

सह्यभटक्या
शनिवार, दुपारी १२:३०

मान्य. मी फक्त आमच्या वयाचा विचार करून लिहिलं होतं. घाटपायथा, बाबांना नमस्कार सांगा.

---

वाळवंटी
शनिवार, दुपारी १:१५

अवांतर, पण लडाखला जाणाऱ्यांसाठी. तिथला गुरगुर चहा लोणी आणि मीठ घालून करतात. पाहुणचार म्हणून पेला रिकामा झाला की परत भरतात. बीपीचं माणूस सोबत असेल तर पहिल्याच पेल्याला सांगा, गोड चहाही मिळतो. आम्ही संकोचापायी चार पेले प्यायलो होतो.

अजून एक अवांतर. तारकर्लीहून दक्षिणेला वेंगुर्ल्याकडे उतरलात तर शिरोड्याची मिठागरं बघा, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच गाव. मुलीला मीठ कसं होतं ते दाखवता येईल.

---

घाटपायथा
शनिवार, रात्री ९:४०

आज दुपारचं सांगतो.

सकुरापाशींचा प्रतिसाद वाचून मुलीने लगेच वहीतला पुठ्ठा कापला आणि स्केचपेनने लिहिलं: “माझ्या आजोबांचं हृदय आजारी आहे. त्यांना मीठ चालत नाही. त्यांच्यासाठी मीठ न घालता काय करता येईल ते सांगाल का?” खाली माशाचं चित्र. मी काही सुचवलं नाही, वाक्य तिचंच आहे.

सव्वाबाराला एका छोट्या खानावळीत गेलो. मी कार्ड द्यायला उठलो तर बाबा म्हणाले, “दे इकडे, माझं मी विचारतो.” आणि ते स्वतः आतल्या दारापर्यंत गेले. मी मागे उभा होतो. चुलीशी पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी कार्ड वाचलं, हात पुसले आणि बाबांना आत बोलावून स्टुलावर बसवलं. फ्रीजमधून बांगडे काढले, मीठ न लावलेले. विचारलं, “तिखला करू? तिरफळाचा? तेका मिठाची गरज नाय लागत इतकी.” (तिखला म्हणजे माशाचा तिखट रस्सा, तिरफळ हा कोकणातला झणझणीत मसाला.) वाटणाचं खोबरं, मिरची, धणे, थोडं आमसूल, तेही धुवून कोमट पाण्यात भिजवून घेतलं. तिरफळं शेवटी ठेचून. बाबांची वाटी बाजूला काढली आणि मग उरलेल्या टोपात आमच्यासाठी मीठ घातलं.

ते पाहून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आईची पद्धत होती ही.

सोबत नाचणीची भाकरी, बिनमिठाचा भात आणि मुद्दाम मागून घेतलेली नारळाच्या रसाची वाटी. बाबांनी दोन बांगडे खाल्ले. तिरफळाने जीभ किंचित झिणझिणते ना, त्या झिणझिणण्यात मिठाची आठवण होत नाही म्हणाले. मी दोन्ही रस्से चाखले. बाबांचा मला सपक वाटला नाही. कोकम आणि तिरफळ मिळून त्याला पुरेसं काही तरी देतात.

बाईंनी बाबांचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, मीठच वाचलं माझं.

रात्री दुसरीकडे गेलो, तिथे ताज्या मासळीला नाही म्हणाले, सगळा माल मसाला लावलेला होता. निदान स्पष्ट सांगितलं. मग पळीवाल्यांचं ऐकून बाबांसाठी मीठ न घालता कांदा-टोमॅटोचं आम्लेट आणि भाकरी घेतली. आत्ता बीपी १३८/८४. सूज जवळपास नाही.

---

पळीवाला
शनिवार, रात्री १०:०५

वाचून डोळे भरले. आचाऱ्याला कोण जेवणार आहे ते दिसलं ना, की हात आपोआप जपून पडतो. तीस वर्षांत माझ्या भट्टीपर्यंत असं कार्ड घेऊन कुणी आलं नाही. आलं असतं तर मी सगळं सोडून आधी ते ताट केलं असतं.

---

तिरफळ
शनिवार, रात्री १०:२०

त्या बाई कोण ते मला बहुतेक कळलं, पण इथे लिहीत नाही. उद्या त्यांच्या कानावर घालते, त्यांना बरं वाटेल.

---

घाटपायथा
सोमवार, रात्री ८:१५

काल रात्री सुखरूप घरी पोचलो. आज डॉक्टरांना दाखवलं, छातीत पाणी नाही, गोळ्या आहेत त्याच ठेवल्या. वाटेत घाटमाथ्यावर जेवायला थांबलो तेव्हा बाबांनी वेटरला विचारलं, “यातलं ऑर्डर दिल्यावर काय करता आणि सकाळी काय करून ठेवता?” तो पोरगा आधी गोंधळला, मग आत जाऊन विचारून आला. कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, आज धुवायला टाकताना सापडलं. बाबांनी ते काढून पाकिटात ठेवलंय.

तिरफळ ताई, मालवणच्या बाजारातून वाळलेली तिरफळं आणलीत. बाबांना रविवारी परत तेच तिखलं हवंय. सहा बांगड्यांना किती घालू?

---

तिरफळ
सोमवार, रात्री ८:४०

दहा-बारा पुरेत. आतली काळी बी असेल तर काढून टाका, ती कडू लागते आणि दाताखाली कचकचते. थोड्या पाण्यात भिजवून हलकी ठेचा, वाटू नका, वाटली की उग्र होतात. रस्सा उकळला की बांगडे सोडा, पाच-सात मिनिटांत शिजतात, मग तिरफळं पाण्यासकट घालून एक उकळी आणा आणि गॅस बंद करून झाकण ठेवा. मीठ बाबांची वाटी काढल्यावर.